बुर्जी

“…त्याची दुखरी जागा कुठली, एवढंच सांगा अप्पा. बाकीचं माझं मी बघतो.”

ओट्याच्या दगडावर कोरलेल्या पटावर चिंचेचा पाला पडला होता, अप्पा तो पंच्याच्या टोकानं झाडत राहिले.

“अप्पा, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकतोय की रं. कान शाबूत हाईत माझे.”

“मग?”



विचारणारा होता सुयोग मगदूम. होय, तोच. बुद्धिबळाचा जगज्जेता. ज्याचा फोटो आमच्या गावच्या कमानीवर आहे, ग्रामपंचायतीवर आहे आणि काही कारण नसताना एका खताच्या दुकानावरही आहे, तो. भली मोठी गाडी घेऊन आला होता. ती मठाच्या बोळात शिरेना, म्हणून बिचारा चालत आत आला.

मी तिथं कसा? तर मठाची पाण्याची मोटर जळाली होती आणि माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मोटर खोलून पायरीवर बसलो होतो. मला कुणी जा म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी काही हललो नसतो.

आता अप्पांचं सांगतो, म्हणजे पुढं तुमचा घोळ नको. गुरुलिंगअप्पा आमच्या कृष्णाकाठच्या मठाचे स्वामी. सकाळी पूजा, दुपारी गाई, आणि शाळा सुटली की चिंचेखाली बुद्धिबळ. गावातलं कुठल्याही घरचं पोरगं येऊन बसलं तरी अप्पा त्याची जात विचारायचे नाहीत, फक्त हात धुऊन ये म्हणायचे. त्या ओट्यावर एका वर्षी आम्ही तिघं बसलो. सुयोग, पिंजाऱ्यांचा यासीन नदाफ आणि मी, म्हणजे नेमगोंडा.

मी घोड्याच्या चालीपर्यंत पोचलो आणि तिथंच थांबलो. ते दोघं मात्र पार सातासमुद्रापलीकडं गेले.

सुयोग तालुक्याला पहिला आला तेव्हा त्याला मिळालेला कप त्यानं अप्पांच्या पायाशी ठेवला. अप्पांनी त्या कपातून महिनाभर गाईला मीठ घातलं. पुढं तो जिल्ह्यात जिंकला, राज्यात जिंकला, मिसरूड फुटायच्या आत ग्रँडमास्टर झाला. एसटीच्या शेवटच्या सीटवर यासीनच्या मांडीवर डोकं ठेवून झोपत झोपत पुण्याला स्पर्धेला जाणारं ते पोरगं एके दिवशी टीव्हीवर दिसलं, गळ्यात हार, आणि खाली लिहिलेलं, नवा जगज्जेता. आमच्या गावात त्या दिवशी एवढे फटाके वाजले की म्हशी आटल्या.

त्यानंतर त्यानं तो मान दोनदा राखला. आणि आता तिसऱ्यांदा राखायचा होता. समोर कोण, तर यासीन.

अहो, विचार करा! आख्ख्या पृथ्वीवरून दोन माणसं निवडली आणि दोन्ही एकाच चिंचेखालची. गावाला अभिमानानं धड झोप येत नव्हती. आणि हे दोघं मात्र कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

“अप्पा,” सुयोग खाली वाकून म्हणाला, “तुम्ही आम्हां दोघांना घडवलंत. त्याच्या डोक्यात काय चालतं ते तुमच्याएवढं कुणाला ठाऊक नाही. माझ्याकडं पाच मदतनीस आहेत, तीन मशिनं आहेत. रात्रंदिवस त्याचे डाव तपासतायत. त्यांना काही सापडत नाही.”

“का सापडत नाही?”

“तो प्रत्येक वेळी निराळाच खेळतो. कधी काही धरून ठेवत नाही. आज हत्ती सोडून देईल, उद्या वजीर. पकडायचं कुठं त्याला?”

“मग हरशील म्हणतोस?”

“हरणार?” सुयोग हसला. खरं हसला, छाती भरून. “अप्पा, हरायचा प्रश्नच नाही. मला एक प्यादं वर मिळू द्या, फक्त एक. मग ब्रह्मदेव समोर बसला तरी मी तो डाव सोडत नाही. सगळ्या जगाला माहीत आहे हे. एक प्यादं घेतो, मग दुसरं घेतो, मग हळूहळू सगळंच घेतो. गेल्या वेळचा तो आव्हान द्यायला आलेला होता ना… त्यानं परत पटाला हात लावलेला नाही. सफरचंदाची बाग करतो म्हणे आता.”

हे सांगताना त्याला फार बरं वाटत होतं. मला नाही वाटलं. पण मला कोण विचारतो!

“मग जिंकणारच हाईस तर दुखरी जागा कशाला पाहिजे?”

सुयोगचा आवाज खाली आला.

“जगात कुणाशीही हरलो तरी चालेल अप्पा. त्याच्याशी नाही. आम्ही इथं बसून एकाच ताटात खाल्लंय. त्याच्याशी हरलो तर लोक म्हणतील, खरा शिष्य तोच होता. मला ते सहन होणार नाही.” मग परत ताठ बसला. “म्हणून नुसतं जिंकून भागत नाही. त्यानं परत माझ्यासमोर बसायचं नावच काढता कामा नये. साफ. समजलं ना?”

“समजलं,” अप्पा म्हणाले.

गाय हंबरली. मी तार गुंडाळत राहिलो.

“एक डाव खेळू,” अप्पा म्हणाले.

“तुमच्याशी?”

“का? म्हातारा झालो म्हणून?”

“तसं नाही हो.”

“आपल्या इथल्या नियमानं खेळू. मला मात केलीस तर त्याची दुखरी जागा सांगतो. शब्द दिला.”

मी हातातली तार खाली ठेवली. अप्पांनी शब्द दिला म्हणजे दिला. एकदा एका पोराला, उद्या पाऊस नसला तर नदीवर नेतो म्हणाले होते. ताप आला तरी घोंगडं पांघरून घेऊन गेले.

सुयोगनं घड्याळाकडं बघितलं. बाहेर गाडी थांबली होती, संध्याकाळचं विमान होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं, की एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“मांडा,” तो म्हणाला.

अप्पांनी डबा उपडा केला. लाकडाचे तेच जुने मोहरे, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. काळ्यांतलं एक प्यादं कधीचंच हरवलं होतं. त्याच्या जागी अप्पा चिंचोका ठेवायचे, आजही ठेवला.

“काळे माझे,” अप्पा म्हणाले. “नियम आठवतात का, सांगू परत?”

“अप्पा!” सुयोगला हसू आवरेना. “प्यादं एकच घर चालतं, राजाला एकदा घोड्याची उडी. इथंच शिकलो की मी. नियम काय सांगताय मला?”

“बरं, नाही सांगत,” अप्पा म्हणाले.

डाव सुरू झाला.

आता मला खेळ कळत नाही, पण माणूस कळतो. सुयोगचा हात पटावर यायचा तो असा यायचा, की जागा आधीच ठरलेली. अप्पा विचार करायचे, दाढी खाजवायचे, गाईकडं बघायचे. सुयोग विचार करताना दिसायचाच नाही. पहिलं प्यादं त्यानं मारलं आणि ओट्याच्या कडेला ठेवलं. मग घोडा, तो त्याच्या शेजारी. मग आणखी एक प्यादं. मारलेले मोहरे तो एका रांगेत मांडत होता, तोंडं सगळी एका बाजूला. लहानपणीही असंच करायचा. आम्हाला त्याचा राग यायचा.

“अप्पा, वजीर जातोय तुमचा.”

“जाऊ दे.”

वजीर गेला.

“डाव सोडता का?”

“सोडायचा कशाला? बसलोय की.”

“अहो, आता काय राहिलंय यात? मोठ्या स्पर्धांत लोक याच्या कितीतरी आधी हात पुढं करतात.”

“मी कुठं मोठ्या स्पर्धेत हाय? चालू दे.”

चालू राहिलं. कडेची रांग वाढत गेली. चिंचोकाही गेला, तो रांगेत अगदी शहाण्यासारखा उभा राहिना, आडवा पडला. सुयोगनं तो दोनदा सरळ केला. काय म्हणावं या माणसाला!

शेवटी अप्पांकडं राजा आणि एक उंट राहिला. सुयोगकडं दोन्ही हत्ती, वजीर, घोडा, नुसती जत्रा. अप्पांचा राजा कोपऱ्यात, उंट मधेच कुठंतरी बापुडवाणा उभा. सुयोगचा हात गेला, हत्तीनं उंट उचलला आणि रांगेत ठेवला.

अप्पांनी पटावर पालथा हात ठेवला.

“झालं.”

“कुठं झालं? मात व्हायचीय अजून. थोड्याच चाली राहिल्यात.”

“बुर्जी,” अप्पा म्हणाले.

सुयोगचा हात हवेत तसाच राहिला…

हा शब्द त्याच्या कानावर किती वर्षांनी पडला असेल, देव जाणे. मलाही एकदम ऐकून कसंतरी झालं. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. आमच्याकडच्या देशी खेळात समोरच्याचं सगळं मारून टाकलं, राजा एकटा उघडा पाडला, की तो डाव संपला. जिंकला कुणीच नाही, बरोबरी. त्याला म्हणायचं बुर्जी. मात करायची तर समोरच्याकडं राजाशिवाय काहीतरी राहिलं पाहिजे, निदान एक प्यादं. ते राखायचं काम कुणाचं? तर जिंकणाऱ्याचं.

चिंचेखाली बसणाऱ्या प्रत्येक पोरानं ही चूक एकदा तरी केलेली आहे. मीच चारदा केलीय. पण जगज्जेता करंल असं वाटलं नव्हतं.

“असला कसला नियम हा!” सुयोगचा चेहरा लाल झाला. “जगात कुठं चालत नाही हे.”

“जगात कुठं बसलायस? चिंचेखाली बसलायस.”

“म्हणजे मी सगळं मारलं म्हणून जिंकलो नाही?”

“नाही.”

“आणि तुम्ही सगळं घालवलंत, तरी हरला नाहीत?”

“नाही बा.”

“का पण? याला अर्थ काय?”

“नियम सांगू का म्हणालो होतो,” अप्पा म्हणाले. “नको म्हणालास.”

सुयोग माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मी त्याची बाजू घेणार होतो. मी मोटरच्या बेअरिंगमध्ये डोकं घातलं. हसू दाबताना घाम फुटला मला.

“नेम्या, तू हसतोयस.”

“मी? छे! ग्रीस बघतोय.”

बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला. विमानाची वेळ होत आली असणार. सुयोग उठला, पायात चप्पल सरकवली, बोळाच्या तोंडाशी गेला. मला वाटलं, चालला. मग ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, आणि परत आला. येताना रांजणातल्या पाण्यानं हात धुतले त्यानं. आपण होऊन.

बसला आणि मांडायला लागला. पांढरे मांडले, काळे मांडले, चिंचोका त्याच्या घरात ठेवला.

“शब्द अजून आहे ना तुमचा?”

“हाय की.”

“मात केली तर सांगाल?”

“सांगंन.”

“मग बघाच.”

हा डाव निराळा होता. हे मलासुद्धा कळलं. पहिल्या डावात सुयोग खेळत नव्हता, आटपत होता. आता खेळायला लागला. पुढं झुकून, कोपर गुडघ्यावर, ओठ घट्ट. विमान गेलं असेल तोपर्यंत, त्याला शुद्ध नव्हती. हाच तो पोरगा, म्हटलं. असाच बसायचा आणि यासीन समोर शेंगा खात बसायचा, आणि दोघांना हाका मारून मारून त्यांच्या आया दमायच्या.

खरं सांगू? मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला. फोटो लावलेत ते काही उगीच नाही लावलेले.

अप्पाही या वेळी चिवट खेळले. तरी काय टिकणार? हळूहळू कडेला रांग लागलीच. घोडे गेले, हत्ती गेले. पण या वेळी सुयोग मारताना मोजत होता. प्रत्येक मोहऱ्यापाशी थांबायचा. शेवटी अप्पांकडं राजा आणि एक प्यादं राहिलं. तेही कुठलं, तर चिंचोका.

“हा राहू दे,” सुयोग मोठ्यानं म्हणाला. “याला मी हात लावत नाही. बघितलं ना अप्पा? याला ठेवतो आणि मात करतो.”

“ठेव की.”

मग त्यानं जाळं विणायला घेतलं. अप्पांच्या राजाला कोपऱ्यात रेटायचं, स्वतःचा राजा पुढं आणून वाट अडवायची. दिसत होतं सगळं, मलाही दिसत होतं. अप्पांना दुसरं काही करायला नव्हतं. ते चिंचोका पुढं सरकवत होते. एक घर, मग आणखी एक घर. बोटानं, पाला झाडल्यासारखा.

“प्यादं वजीर होणार नाही तुमचं. त्याच्या आत मात होते,” सुयोग म्हणाला.

“व्हय?”

“दोन चाली.”

“बरं.”

अप्पांनी राजा हलवला नाही. चिंचोका आणखी एक घर सरकवला. तो जाऊन सुयोगच्या राजाच्या तिरक्या घरात बसला, अगदी नाकाशी.

“शह,” अप्पा म्हणाले.

आता यात काही भ्यायचं नव्हतं. प्याद्याचा शह तो काय! राजा एक घर बाजूला घ्यायचा, पुढच्या चालीला मात. मोटर बांधणाऱ्या नेमगोंडालाही दिसत होतं.

पण सुयोगचा हात आधी गेला.

तोंडानं तो काहीतरी म्हणत होता, बहुतेक “हां, मग राजा…” असं. डोळे मात करायच्या घराकडं होते. आणि हातानं मात्र राजा उचलून चिंचोक्याच्या घरात ठेवला होता आणि चिंचोका मुठीत घेतला होता. रांगेत ठेवायला निघालाही होता. अर्ध्या वाटेत थांबला.

त्यानं मुठीकडं बघितलं…

अप्पांकडं बघितलं…

चिंचेवर एक साळुंकी बडबडत होती, तेवढाच आवाज.

“परत ठेवू?” तो म्हणाला. अगदी बारीक आवाजात. जगज्जेत्याचा नव्हता तो आवाज.

“तिकडं, मोठ्या स्पर्धांत, ठेवून देतात का परत?”

“…नाही.”

“मग?”

सुयोगनं मूठ झाकून मांडीवर घेतली. पटावर अप्पांचा राजा कोपऱ्यात एकटा होता. त्याच्याभोवती सुयोगचं सगळं सैन्य उभं होतं आणि त्याला काहीएक करू शकत नव्हतं.

“बुर्जी,” सुयोग स्वतःच म्हणाला.

अप्पांनी मान हलवली.

मला वाईट वाटलं हो. हसू कुठल्या कुठं गेलं. एवढा मोठा माणूस, एका चिंचोक्यासाठी… मी उठून त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्यानं घोट घेतला, तांब्या बाजूला ठेवला. मूठ काही उघडली नाही.

“तुम्ही मला सांगणार नाही तर,” तो म्हणाला.

“मात झाली नाही.”

“बरोबर आहे.” त्यानं अंगठ्यानं मूठ चोळली. “सवय आहे हो अप्पा. पुढ्यात आलं की हात जातोच. या सवयीनंच मला जिंकून दिलंय सगळं.”

“खरं हाय. त्या सवयीनंच दिलंय.”

“मग वाईट काय त्यात?”

“मी कुठं वाईट म्हणालो?”

सुयोग हसला. या वेळचं हसणं निराळं होतं, जरा वाकडं, पण जुन्या ओळखीचं. उठायला लागला. अप्पांच्या पायाला हात लावायला वाकला, डावा हात लावला, कारण उजव्याची मूठ होती.

“येतो. दसऱ्यानंतर सामना आहे. आशीर्वाद द्या.”

“आशीर्वाद हाय. दोघांनाबी हाय.”

तो वाकलेलाच थांबला.

“दोघांना म्हणजे?”

“यासीन आला होता गेल्या पंधरवड्यात.”

मला हे माहीत होतं. तो आला तेव्हा मीच त्याला स्टँडवरून गाडीवर बसवून आणलं होतं. सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची खोड मला नाही.

सुयोग हळूच परत ओट्यावर टेकला.

“कशाला आला होता?”

“तू कशाला आलास?”

“…त्यानंही तेच मागितलं?”

“व्हय. म्हणाला, सुयोगची दुखरी जागा सांगा. तो म्हणजे दगडी भिंत हाय, कुठं चीर सापडत नाही म्हणाला.”

हे ऐकून सुयोगच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग होता, आणि रागाखाली आनंदही होता. एवढ्या वर्षांत यासीननं त्याचं असं कौतुक केलेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

“मग? खेळलात त्याच्याशी?”

“खेळलो. ह्याच पटावर.”

“देशी नियमानं?”

“दुसरा कुठला येतो मला?”

“बुर्जी झाली असेल.”

“नाही.”

“म्हणजे…”

“मात केली त्यानं. माझी दोन प्यादी अन् घोडा तसाच ठेवून. स्वतःच्या प्याद्यानं मात केली.”

आमच्याकडं प्याद्यानं केलेली मात सगळ्यांत मानाची. त्या दिवशी मी उठून यासीनच्या पाठीवर थाप मारली होती, हाताला काळं ऑइल होतं ते सगळं त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागलं. तो चिडला नाही, म्हणाला, राहू दे नेम्या, गावची खूण.

सुयोग पुढं सरकला.

“म्हणजे शब्दाप्रमाणे… तुम्ही त्याला सांगितलंत?”

“शब्द दिला होता.”

“माझी दुखरी जागा?”

“तुझी.”

“अप्पा!” तो ताडकन उभा राहिला. “हे काय केलंत तुम्ही? माझा सगळा जन्म या पटावर गेलाय! ज्या खेळावर मी उभा आहे, तोच… आणि तुम्ही, तुम्ही त्याला…” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं ते लपवलंही नाही. “तुम्ही माझे गुरू आहात ना?”

“हाय की. बस खाली.”

“नाही बसत.”

“बस.”

तो बसला. अप्पांनी पटावरचे सगळे मोहरे दोन्ही हातांनी गोळा केले, पांढरे एकीकडं, काळे एकीकडं, आणि परत घरोघर मांडायला लागले. हत्ती, घोडा, उंट. घाई नव्हती. सुयोगच्या रांगेतलेही मोहरे घेतले. सगळी घरं भरली. काळ्यांच्या पुढच्या ओळीत एकच घर रिकामं राहिलं.

अप्पांनी तळहात पुढं केला.

सुयोग त्या हाताकडं बघत राहिला… मग त्यानं मूठ पुढं आणली. बोटं उघडायला त्याला वेळ लागला. चिंचोका घामानं ओला झाला होता. अप्पांनी तो पंच्याला पुसला आणि त्याच्या घरात ठेवला.

“काय सांगितलंत त्याला?” सुयोगनं विचारलं. आवाज शांत होता आता. “माझ्याबद्दल काय सांगितलंत, तेवढं तरी सांगा.”

अप्पांनी चिंचोका बोटानं एक घर पुढं सरकवला.

“म्हटलं, एक प्यादं ठेव त्याच्या पुढ्यात.”